रोधकाला रोखणारी प्रतिपिंडे

रक्त वाहते राहावे, परंतु जखम होताच गोठावे, अशा दोन परस्परविरोधी गरजांचा तोल शरीराला साधावा लागतो. काही प्रथिने रक्त गोठवतात, तर रोधक प्रथिने ही क्रिया वेळीच आवरतात. हिमोफिलिया या आनुवंशिक विकारात हा तोल ढळतो. ‘ए’ प्रकारात आठव्या, तर ‘बी’ प्रकारात नवव्या गोठण घटकाची कमतरता असते. सांध्यांतील वारंवार रक्तस्रावामुळे अपंगत्व येऊ शकते. म्हणूनच दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत या विकाराचा समावेश आहे.

कमी असलेला घटक शिरेवाटे देणे हा रूढ उपचार होय. मात्र काही रुग्णांचे शरीर त्याला परका मानून त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते आणि उपचार निष्प्रभ ठरतो. वैद्यकीय परिभाषेत या प्रतिपिंडांनाही ‘इनहिबिटर’ म्हणतात. पुढे वर्णिलेल्या नैसर्गिक रोधकाशी त्यांची गल्लत करू नये.

हा नैसर्गिक रोधक म्हणजे टीएफपीआय हे प्रथिन. जखमेच्या ठिकाणी ऊती घटक व सातवा घटक मिळून दहाव्या घटकाला सक्रिय करतात. टीएफपीआयचा ‘कुनिट्झ-२’ हा भाग सक्रिय दहाव्या घटकाला, तर ‘कुनिट्झ-१’ हा भाग सातव्या घटकाला जखडतो. त्यामुळे हा प्रारंभीचा मार्ग लवकरच बंद होतो. निरोगी व्यक्तीत त्यानंतरचे काम आठवा व नववा घटक पार पाडतात. हिमोफिलियात मात्र साखळी तेथेच तुटते.

कॉन्सिझुमॅब व मार्स्टासिमॅब ही मोनोक्लोनल प्रतिपिंडे नेमकी ‘कुनिट्झ-२’ला चिकटतात. रोधकाची पकड घेण्याची जागाच व्यापली गेल्याने दहावा घटक मोकळा राहतो, पुरेसे थ्रॉम्बिन तयार होते आणि रक्त गोठते. आठव्या वा नवव्या घटकाची उणीव कायम असूनही हे घडते. त्वचेखाली टोचता येणाऱ्या या दोन्ही औषधांना अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

अर्थात, आवर सैल करण्यात धोकाही आहे. रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्याने कॉन्सिझुमॅबच्या चाचण्या २०२० मध्ये काही काळ थांबवाव्या लागल्या. मात्रा व दक्षतेचे नियम बदलून त्या पुन्हा सुरू झाल्या.

प्रतिपिंड प्रथिनाच्या कोणत्या भागाला चिकटते, यावर त्या प्रथिनाचे कोणते कार्य थांबेल हे ठरते; आणि रोधकाचेच कार्य थांबले, तर त्याने आवरलेली क्रिया वाढते, हे सूत्र विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.