जळालेल्या जंगलाचा उजेड

इंग्लंडमधल्या रेडिंग इथे युरोपीय हवामान अंदाज केंद्र आहे. डिसेंबर १९९६ पर्यंत तिथल्या मॉडेलमध्ये कॅनडा आणि सैबेरियाची जंगले हिवाळा आला की पांढरीशुभ्र होत असत. बर्फ साचला की खाली माळरान आहे की स्प्रूसचे दाट रान, हे न पाहता मॉडेल तिथला अल्बेडो ०.८ पर्यंत चढवत असे. अल्बेडो म्हणजे पडलेल्या उन्हातला परत धाडला जाणारा हिस्सा. शंभरातले ऐंशी भाग ऊन असे कागदोपत्रीच परत गेल्यामुळे वसंत ऋतूत या पट्ट्यातले तापमानाचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा बरेच थंड निघत.

चूक उघडी पडली ती रानात केलेल्या मोजणीतून. १९९४ ते १९९६ या काळात कॅनडाच्या सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा प्रांतांत ‘बोरियास’ ही मोठी मोहीम झाली. तिथल्या नोंदींवरून ॲलन बेट्स आणि जॉन बॉल यांनी आकडे काढले. बर्फाखालच्या गवताळ जमिनीचा अल्बेडो ०.७५, पाने झडलेल्या ॲस्पेनच्या रानाचा ०.२१ आणि सूचिपर्णी जंगलाचा जेमतेम ०.१३. बर्फ सुयांवरून लवकर घसरून खाली जातो. वरचे काळपट हिरवे पर्णछत्र मोकळेच राहते आणि उत्तरेकडचे तिरपे ऊन खालच्या बर्फापर्यंत पोचण्याआधी शोषून घेते. केंद्राने जंगलावरच्या बर्फाचा अल्बेडो ०.८ वरून ०.२ वर आणला आणि वसंतातल्या अंदाजांचा खोटा गारठा बराच ओसरला.

पण ०.२ हा आकडा झाला उभ्या, धडधाकट जंगलाचा. उत्तरेतले रान वणवे, वादळे, भुंगेरे आणि कुऱ्हाड सोसत, पुन्हा पुन्हा मोडत आणि उगवत जगते. अलास्कातल्या डॉनेली फ्लॅट्सच्या १९९९ मधल्या वणव्याचा हिशोब जेम्स रँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘सायन्स’मध्ये मांडला. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निबंध आहे. पहिल्या वर्षी वायू, काजळी आणि बाकी सगळे धरून जळालेल्या क्षेत्राच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ३४ वॅट इतका तापवणारा परिणाम निघाला. ८० वर्षांची सरासरी काढली तर मात्र तो उणे २.३ वॅट झाला, म्हणजे थंड करणारा. पर्णछत्र गेल्यावर बर्फ उघडा पडतो. मग गवत, झुडपे, त्यामागून ॲस्पेन आणि बर्च येतात. हा बर्च आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा भाऊबंद, हिवाळ्यात निष्पर्ण होणारा. सावली धरणारा स्प्रूस पुन्हा माथ्यावर यायला कित्येक दशके जातात आणि तोवर दर वसंतात ती जमीन जास्त ऊन परत धाडत राहते. दोन्ही आकड्यांतली अनिश्चितता जवळजवळ आकड्यांएवढीच मोठी आहे, हे लेखकांनी स्वतःच नोंदवले आहे. यातून वणव्यांची भलामण होत नाही. बर्फाचे दिवस कमी झाले की हा थंडावाही घटतो.

आता हे मॉडेलमध्ये बसवायचे कसे? पृथ्वीचे मॉडेल जमिनीचे चौकोन पाडते आणि जागतिक मॉडेलांत एकेक चौकोन साधारण शंभर किलोमीटर बाजूचा असतो. त्यात झाडे जातवार नसतात, ‘सदाहरित सूचिपर्णी’, ‘पानझडी’ अशा मोजक्या गटांत असतात. जुन्या पद्धतीत चौकोनातला एक हिस्सा जळाला की त्या गटाचे पर्णक्षेत्र सगळीकडून सारखेच कमी केले जाई. खरा घोटाळा इथे होतो. अर्ध्या अंगणावर जाड मांडव घालणे आणि तेच कापड विरळ करून सगळ्या अंगणावर ताणणे, या दोन्हींत खाली पोचणारे ऊन सारखे नसते. थोडीशी पानेसुद्धा बर्फ बराच झाकतात, म्हणून विरळ केलेले काल्पनिक जंगल खऱ्या ठिगळाठिगळांच्या जंगलापेक्षा काळे ठरते आणि वणव्यानंतरचा उजळपणा मॉडेलमध्ये कमी दिसतो. मूरक्रॉफ्ट, हर्ट आणि पकाला यांनी २००१ साली मांडलेल्या ‘इकोसिस्टम डेमोग्राफी’ मॉडेलने चौकोनातल्या ठिगळांना शेवटच्या मोडतोडीपासूनचे वय दिले. संगणकाचे काम वाढले, पण जंगलाला इतिहास मिळाला.

भुंगेऱ्यांची गोष्ट उलट दिशेने चुकते. ब्रिटिश कोलंबियात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून माउंटन पाइन बीटलने पाइनची रानेच्या राने मारली. वर्नर कुर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ‘नेचर’मध्ये अंदाज दिला की २००० ते २०२० या काळात तिथले सुमारे ३,७४,००० चौरस किलोमीटर जंगल २७ कोटी टन कार्बन गमावेल. मेलेले झाड मात्र लगेच आडवे होत नाही. सुया आधी लाल होतात, काही वर्षांनी गळतात, करडे बुंधे आणखी कित्येक वर्षे बर्फावर सावली टाकत उभे राहतात. झाड मेले त्याच वर्षी ते हिशोबातून वगळले, तर जमीन नको तितकी उजळ होते.

वृक्षतोडीचे उदाहरण युरोपचे. किम नॉड्ट्स आणि सहकाऱ्यांनी पर्णछत्राची रचना धरणारे मॉडेल वापरून २०१६ साली दाखवले की १७५० पासून युरोपात जंगल वाढूनही वनव्यवस्थापनाने हवामान थंड झालेले नाही. लाकूडतोडीने कार्बनचे कर्ज चढले आणि पानझडी झाडांच्या जागी सूचिपर्णी लावल्याने जमिनीचे वागणेही बदलले.

उत्तरेतल्या रानाचा मोसमी पावसाशीही संबंध आहे. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एन. देवराजू, जी. बाला आणि अंगशुमन मोडक यांनी २०१५ साली मुद्दाम टोकाचे प्रयोग मॉडेलमध्ये केले. मध्य आणि उच्च उत्तर अक्षांशांवरची जंगले काढली की उत्तर गोलार्ध थंडावतो आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. त्यांच्या प्रयोगांत सर्वाधिक फटका दक्षिण आशियाला बसला आणि भारतातला पाऊस १८ टक्क्यांनी घटला. अशी जंगलतोड प्रत्यक्षात कोणी करणार नाही. पण उत्तरेचा अल्बेडो चुकला तर पुण्यात बसून मोसमी पावसाची मॉडेले चालवणाऱ्यांच्या आकड्यांतही ती चूक उतरू शकते, इतके यातून नक्की कळते.

२०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळाले. ती ठिगळे पुढची कित्येक दशके दर वसंतात वेगळ्या दराने ऊन परत धाडतील आणि कोणते ठिगळ कोणत्या साली जळाले हे ज्या मॉडेलला ठाऊक नाही, त्याला तो दर काढता येणार नाही. वृक्षलागवडीचेही तसेच. बर्फाळ प्रदेशात लावलेले काळपट जंगल साठवलेल्या कार्बनचा फायदा खाऊन टाकू शकते, हे रिचर्ड बेट्स यांनी २००० सालीच ‘नेचर’मध्ये दाखवले होते. तरीही लागवडीचे श्रेय फक्त टनांत मोजून विकले जाते. बर्फाळ प्रदेशातल्या प्रत्येक लागवड प्रकल्पाच्या कार्बनच्या रकान्याशेजारी, झाडांच्या वयानुसार बदलणारा अल्बेडोचा रकाना सक्तीचा झाला पाहिजे.