कावीळ आणि गळ्यातली माळ

कावीळ झाली म्हटले की आपल्याकडे दवाखान्याआधी माळेची आठवण होते. कोणत्या गावात माळ घालतात, कोण चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरवतो’, हे कराडपासून मिरजेपर्यंत एस. टी. त शेजारी बसलेला अनोळखी मनुष्यही सांगतो. रुग्ण बहुधा बरा होतो. तो का बरा होतो, हे कळण्यासाठी यकृताचे काम समजून घ्यावे लागेल.

यकृत ही उजव्या बरगड्यांखालील, सुमारे दीड किलो वजनाची ग्रंथी. (मटणाच्या दुकानात आपण कलेजी मागतो ती हीच.) आतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेले रक्त प्रथम येथे येते. जादा साखर साठविणे, रक्त गोठविणारी प्रथिने तयार करणे, औषधे व दारू यांचे विघटन करणे, चरबी पचविणारे पित्त बनविणे ही सारी कामे यकृताची. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते व यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृताला सूज आली किंवा पित्तनलिकेत खडा अडकला की ते रक्तात साचते आणि डोळे, लघवी पिवळी होते. म्हणजेच कावीळ हे लक्षण आहे. जेवणातल्या हळदीशी तिचा काडीचाही संबंध नाही.

दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ विषाणूंची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, कारण यकृत आपली झीज स्वतः भरून काढते. श्रेय मात्र माळेला जाते! परंतु २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत आलेल्या साथीत रुग्ण दगावलेही. ‘ई’ विषाणू पोटात गेल्यावर लक्षणे दिसण्यास दोन ते आठ आठवडे लागतात. त्यामुळे २००५, २०१९ किंवा २०२१ सारखा कृष्णेचा पूर ओसरून घरे धुऊन झाली, तरी पुरात प्यालेल्या पाण्याची कावीळ पुढे गणपती-नवरात्रात दिसू शकते. गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ प्राणघातक ठरू शकते. तिला माळेसाठी गावोगाव फिरविण्यात गेलेले चार दिवस परत मिळत नाहीत.

‘बी’ आणि ‘सी’ हे विषाणू रक्तातून, वापरलेल्या सुयांतून पसरतात. ‘बी’ शरीरसंबंधातून व आईकडून बाळालाही जातो. ते वर्षानुवर्षे गप्प राहतात. दारूचेही तसेच, आणि दारूला न शिवणाऱ्या स्थूल, मधुमेही माणसाच्या यकृतातही चरबी साठते. शेवटी यकृत आक्रसून कठीण होते. मग जलोदर, रक्ताची उलटी, भ्रम. ‘बी’ची लस बाळाला जन्मानंतर चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ‘सी’ तर आता बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

काविळीत उसाचा रस देण्याची आपल्याकडे रीत आहे. रस वाईट नाही, पण गाड्यावरचा बर्फ कोणत्या पाण्याचा, हे कोण सांगणार? पाणी खळखळून उकळलेलेच द्यावे. तापाची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच द्यावी. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, सारखा झोपू लागला, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याला सातारा, सांगली वा मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.