जालना
जालना : महाराष्ट्र राज्यातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व मराठवाड्यातील एक जुनी व्यापारपेठ. लोकसंख्या २,८५,५७७ (२०११). हे छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) पूर्वेस सु. ६० किमी. वर, कुंडलिका नदीकाठी सस. पासून सु. ५०० मी. उंचीवर वसले आहे. नदीच्या एका तीरावर जुना जालना व समोरच्या तीरावर कादराबाद असे शहराचे दोन भाग पडतात. कुंडलिका ही दुधनेची उपनदी असून दुधना पूर्णेस व पूर्णा गोदावरीस मिळते. भोवतालची जमीन काळी, कपाशी व ज्वारीस अनुकूल; मात्र पाऊस बेभरवशाचा आणि नदीस बारमाही प्रवाह नाही. त्यामुळे पाण्याची साठवण हा शहराच्या इतिहासातील एक महत्त्वाचा धागा ठरतो.

रामायणकाळी या गावास जनकपूर म्हणत व पुढे एका धनिक विणकऱ्यावरून (जुलाहा) त्यास सध्याचे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. जमशेदखानाने १५७८ मध्ये येथे काळी मशीद बांधली. हमामखाना आणि सराई यांचेही बांधकाम झाले. शहराच्या पश्चिमेकडील मोती तलाव त्याचाच. तलावाचे पाणी जमिनीखालील नळांवाटे शहरातील हौदांत खेळविलेले होते. अकबराच्या काळात अबुल फज्लचे काही दिवस येथे वास्तव्य होते. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालन्याची पेठ लुटली. परतताना मोगल सैन्याशी झालेल्या लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाइकाने दाखविलेल्या आडवाटेने महाराज पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचले. महाराजांच्या अखेरच्या मोहिमांत हिची गणना होते.

निजामुल्मुल्कच्या आज्ञेने काबिलखानाने १७२५ मध्ये येथे गढी बांधली. ती मस्तगड म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात सप्टेंबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले. त्याच महिन्याच्या २३ तारखेस जिल्ह्यातील असई येथे वेलस्लीने शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे येथे इंग्रजांची छावणी झाली. ती १९०३ मध्ये उठली. तत्पूर्वी १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग येथून गेल्याने कापूस व धान्य यांच्या व्यापारास चालना मिळाली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा होऊन जालना त्याचे मुख्यालय बनले. नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर २०२३ मध्ये झाले.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापिली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार लाभला. संकरित बियाणे व लोखंडी सळया यांच्या उत्पादनामुळे शहराचे नाव देशभर झाले. परिसरातील मोसंबीची येथे मोठी बाजारपेठ आहे. आनंदी स्वामींचे मंदिर, जानुल्लाशाह यांचा दर्गा, काळी मशीद व मस्तगड ही येथील प्रमुख स्थळे होत. आषाढी एकादशीस आनंदी स्वामींची यात्रा भरते.

वाढत्या वस्तीस व कारखान्यांस जुने तलाव अपुरे पडू लागले. निजामी राजवटीत बांधलेला घाणेवाडी जलाशय गाळाने भरत गेला. २०१२-१३ च्या दुष्काळात शहरास तीव्र पाणीटंचाई सोसावी लागली. तेव्हापासून पैठणच्या नाथसागरातून नळाने आणलेल्या पाण्यावर शहराची भिस्त वाढली आहे. नागरिकांनी लोकवर्गणीतून घाणेवाडीचा गाळ काढण्याचे कामही हाती घेतले. दूरच्या धरणाचे पाणी मिळाले, तरी गोदावरीच्या खोऱ्यातील अवर्षणाचा फटका त्यासही बसतो. म्हणून जवळचे तलाव व कुंडलिकेचे पात्र राखण्याचे महत्त्व कमी झालेले नाही.