काल्पनिक पात्राची मध्ययुगीन वेशभूषा : निजामशाही चित्रांचा आधार

काल्पनिक पात्राला इतिहास नसतो. म्हणूनच त्याच्या वेशभूषेला विश्वसनीय आधार लागतो. आष्टीच्या शेजारच्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील निजामशाहीत इ. स. १५६५च्या सुमारास 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित सिद्ध झाले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहातील या ग्रंथात स्त्रियांची चोळी व गोंडेदार लांब वेणी उत्तरेकडील परंपरा दर्शविते, तर अंगाभोवती घेतलेले लांब वस्त्र दक्षिणेकडील. म्हणजेच दख्खनचा दरबारी पोशाख एकजिनसी नव्हता. संकल्पनाकाराने परदेशी झग्यांचे अनुकरण न करता अशा चित्रांवरून वस्त्र परिधान करण्याची रीत प्रथम निश्चित करावी. रंग व अलंकारांत कल्पनेस मोकळीक द्यावी. रीतच हरवल्यास पात्र कोणत्याही प्रदेशाचे उरत नाही.