सायकलच्या मागच्या हबला कोणतं ग्रीस लावायचं?

नगरमध्ये कुणालाही हा प्रश्न विचारा, उत्तर बहुधा ‘एपी-३ टाक की’ असंच येतं. ट्रॅक्टरला चालतं, ट्रॉलीला चालतं, मग सायकलला का नाही? हे उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं मात्र करंजी घाटात महागात पडू शकतं.

मागच्या हबमध्ये शेजारी शेजारी दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे बेअरिंग. साध्या हबमध्ये दोन्ही बाजूंच्या वाट्यांत छर्रे बसवलेले असतात, बहुतेक वेळा एका बाजूला पाव इंची ९. दुसरी म्हणजे फ्रीव्हील, गिअरच्या सायकलीत फ्रीहब. पेडल थांबवल्यावर टिकटिक आवाज येतो तो इथून. त्याच्या आत छोटे खटके असतात आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्यांना दात्यांत ढकलत असते.

छर्र्यांना घट्ट ग्रीस हवं. खटक्यांना तेच ग्रीस भरलं, तर ती बिचारी स्प्रिंग त्यांना वेळेवर उचलू शकत नाही. चढावर उभं राहून सगळं वजन टाकावं आणि नेमका तेव्हाच खटका अडकलेला असावा: पेडल रिकामं खाली जातं, छाती हँडलवर आदळते. ऊसतोडणीच्या हंगामात मागून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येत असतो, हेही लक्षात घ्या.

म्हणून फ्रीव्हीलला पातळ तेलाचे थेंब पुरेत. फ्रीहबला त्यासाठीच बनवलेलं पातळ ग्रीस किंवा कंपनीने सांगितलेलं वंगण वापरा. खटक्यांऐवजी दातेरी चकत्या असलेले महागडे हब असतात, त्यांना कंपनीचंच ग्रीस लावा. तिथे काटकसर नको.

आता बेअरिंगकडे. डब्यावरचा २ किंवा ३ हा आकडा दर्जा दाखवत नाही, घट्टपणा दाखवतो. एनएलजीआय नावाच्या अमेरिकन संस्थेची ही मोजपट्टी आहे. २५ अंश तापमानाला ग्रीसमध्ये एक शंकू सोडतात आणि तो किती खोल रुततो ते मोजतात. ०००, म्हणजे जवळजवळ वाहणारं, इथपासून ६, म्हणजे वडीसारखं, इथपर्यंत ९ पायऱ्या आहेत. सायकलच्या बेअरिंगला २ नंबर सगळ्यात सोयीचा. ३ नंबरचं लिथियम ग्रीसही चालतं, फक्त थोडं जड फिरतं.

‘हाय टेम्परेचर’ लिहिलेल्या डब्यासाठी जास्त पैसे मोजू नका. ताशी २० किलोमीटरला सायकलचं चाक मिनिटाला साधारण १६० वेळा फिरतं. एवढ्याने बेअरिंग तापत नाही. काळं ग्रॅफाइट ग्रीस गाडीच्या पाट्यांसाठी ठीक, छर्र्यांसाठी नको. आणि डब्ल्यूडी-४० हे ग्रीस नाही. ते हबमध्ये मारलं तर आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून जातं.

खरा फरक पडतो तो तुम्ही कुठे चालवता यावर. आपला जिल्हा यात गमतीदार आहे. भंडारदरा, घाटघरकडे पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि जामखेड, पाथर्डीकडे वर्षातले कितीतरी महिने धूळच धूळ. अकोल्याच्या बाजूला राहत असाल तर पाण्यात टिकणारं कॅल्शियम सल्फोनेट किंवा बोटींसाठीचं मरीन ग्रीस घ्या. कोरड्या भागात साधं लिथियम पुरतं. बाहेर आलेलं ग्रीस मात्र पुसून टाका, नाहीतर त्यावर माती बसून पॉलिश पेपरच तयार होतो.

हब उघडल्यावर लगेच पुसायला घेऊ नका. आम्ही सॉफ्टवेअरवाले आधी लॉग वाचतो, इथे जुनं ग्रीस वाचायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. चमकणारा कस दिसला तर वाटी किंवा छर्रे झिजताहेत, मग नवं ग्रीस भरून उपयोग नाही. मेणासारखं सुकलं असेल तर नुसतं जुनं झालंय.

नवं ग्रीस जुन्यावर थापू नका. लिथियम आणि पॉलियुरिया एकत्र आले तर मिश्रण पातळ होऊन गळू शकतं. डिझेलने धुवा, पूर्ण वाळवा, मगच भरा. डिस्क ब्रेक असेल तर चकतीला ग्रीसचं बोट लागू देऊ नका.

सगळं बसवल्यावर मागचं चाक उचलून पेडल उलटं फिरवा. टिकटिक स्पष्ट यायला हवी. आवाज दबका येत असेल किंवा चेन वरच्या बाजूला सैल पडत असेल, तर खटक्यांत ग्रीस जास्त झालंय. पुन्हा उघडा.

आणि अर्ध्या किलोचा डबा विकत घ्यायची गरज नाही. एका हबला चमचाभर पुरतं. रिकामी डबी घेऊन ओळखीच्या गॅरेजमध्ये जा आणि डब्यावरचा नंबर वाचून मगच भरून घ्या.