कोर्लईची ‘नो लिंग’ : क्रियापद वाक्याच्या शेवटी कसे गेले

रायगड जिल्ह्याच्या मुरुड तालुक्यात, कुंडलिका नदी समुद्रास मिळते तेथे, दक्षिण तीरावर कोर्लई हे गाव वसले आहे. समोरच्या तीरावर रेवदंडा. डोंगरावरील किल्ला पाहण्यासाठी पर्यटक येथे येतात. परंतु गावातील ख्रिस्ती वस्तीत त्याच काळाची एक खूण आजही नित्य वापरात आहे, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. ही खूण म्हणजे तेथील बोली. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. ती पोर्तुगीजपासून निर्माण झालेली क्रिओल भाषा होय. भिन्न भाषा बोलणाऱ्या समाजांच्या व्यवहारातून जन्मलेली आणि पुढे मुलांची मातृभाषा झालेली भाषा, असा या संज्ञेचा अर्थ. कोर्लईत ती बोलणारे हजाराच्या आसपास असतील.

पोर्तुगीजांनी 1521 मध्ये चौलजवळ रेवदंडा येथे किल्ला बांधण्यास प्रारंभ केला. खाडीच्या मुखावरील कोर्लईचा डोंगर त्यांनी 1594 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून जिंकला. 1739 मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली आणि 1740 मध्ये चौलचे ठाणेही पोर्तुगीजांना सोडावे लागले. सत्ता गेली, सैनिक गेले. स्थानिक ख्रिस्ती कुटुंबे मात्र मागे राहिली. धर्माने ती शेजाऱ्यांहून वेगळी होती, त्यामुळे लग्नसंबंध बहुधा आपसातच होत. घरची भाषा टिकली ती यामुळे. घराबाहेर पाऊल टाकताच मात्र मराठी बोलणे भाग होते. अशा रीतीने पिढ्यानुपिढ्या तीच माणसे दोन भाषा बोलत आली.

याचा परिणाम शब्दांवर झाला, तसा वाक्यरचनेवरही झाला. पोर्तुगीज मनुष्य ‘एउ कोमो आरोझ’ असे म्हणतो. शब्दशः पाहिले तर हा क्रम ‘मी – खातो – भात’ असा आहे. कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. कोर्लईचे शब्द पोर्तुगीजचे, पण त्यांची मांडणी आता बहुतांशी ‘मी – भात – खातो’ अशी आहे. षष्ठीचेही तसेच. पोर्तुगीजमध्ये ‘घर पेद्रूचे’ या क्रमाने बोलतात. कोर्लईत आधी पेद्रू, नंतर ‘सु’ हा शब्द आणि शेवटी घर. हा ‘सु’ मूळ पोर्तुगीज ‘सेउ’पासून, म्हणजे ‘त्याचा’ या अर्थाच्या शब्दापासून आला. पण काम करतो तो मराठी ‘चा-ची-चे’चे. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तर या भाषेने उकारान्त धातूंचा एक स्वतंत्र वर्गच तयार केला आहे.

अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेन्ट्स यांनी या बोलीचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा तिच्यावरील ग्रंथ 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी 1990 मधील एका निबंधात त्यांनी या स्थित्यंतराची एक सूक्ष्म कसोटी मांडली होती. जोडवाक्यात तेच क्रियापद दोनदा येत असेल, तर एकदा ते गाळले जाते. ‘रामाने आंबा खाल्ला आणि गोविंदाने फणस’ हे मराठीत चालते आणि ‘रामाने आंबा आणि गोविंदाने फणस खाल्ला’ हेही चालते. ज्या भाषेत क्रियापद मध्ये येते तिथे दुसरा प्रकार सहसा संभवत नाही. म्हणून क्रियापद कोठे गाळले जाते हे पाहिले की, भाषा जुन्या क्रमापासून किती दूर सरकली याचा अंदाज येतो. शिक्षकांनी आपल्या वर्गातील मुलांच्या वाक्यांवर ही परीक्षा करून पाहण्यासारखी आहे.

दमणचा दाखला

हा बदल मराठीमुळे झाला की एरवीही झाला असता, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर दमणमध्ये मिळते. तेथेही पोर्तुगीजपासून झालेली अशीच बोली आहे, आणि तिच्या भोवतालची गुजराती ही मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा आहे. तरीही दमणच्या बोलीने क्रियापद मध्येच ठेवले. कारण दमणवर 1961 पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते; कचेरी, शाळा आणि चर्च या तिन्ही ठिकाणी मूळ भाषा कानावर पडत राहिली. कोर्लईचा राजकीय संबंध 1740 सालीच तुटला. चर्चचा धागा तेवढा पुढे दीर्घकाळ राहिला. शेजारभाषेचा दाब दोन्हीकडे होता. मूळ भाषेचा आधार एकीकडेच होता.

शब्दक्रम बदलण्याचे दुसरेही एक कारण असते. लॅटिनमध्ये शब्दांना विभक्तीचे प्रत्यय असल्याने क्रम बराच मोकळा होता आणि क्रियापद पुष्कळदा शेवटी येई. प्रत्यय झिजले, तसे कर्ता कोण व कर्म कोणते हे सांगण्याचे काम शब्दाच्या जागेवर आले, आणि पोर्तुगीजसारख्या भाषांत क्रियापद दोहोंच्या मध्ये स्थिरावले. जुन्या इंग्रजीचेही असेच झाले. मराठीत ‘आंबा रामाने खाल्ला’ असे उलटे म्हटले तरी अर्थ बिघडत नाही, तो ‘ने’मुळे. गंमत अशी की, लॅटिनच्या या नातीने कोर्लईच्या खाडीकाठी येऊन क्रियापद पुन्हा शेवटी नेऊन ठेवले!

महाराष्ट्रात असे उदाहरण हे एकच नाही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड व उर्दू एकाच गावात इतकी वर्षे नांदल्या की, त्यांची वाक्ये शब्दास शब्द ठेवून परस्परांत बदलता येतात, असे गम्पर्झ व विल्सन या अभ्यासकांनी 1971 मध्ये दाखवून दिले. तेथे प्रत्येकाने आपापले शब्द राखले आणि रचना मात्र सामाईक केली.

कोर्लईतील स्थिती आता पालटत आहे. खाडीवर पूल झाला, साळाव येथे कारखाना आला, शिक्षण मराठीतून होते आणि चर्चमधील प्रार्थनाही मराठीत होऊ लागल्या. दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या भाषांची नावे जनगणनेच्या प्रसिद्ध कोष्टकांत स्वतंत्रपणे येत नाहीत; तेव्हा सरकारी आकड्यांत ‘नो लिंग’ शोधूनही सापडणार नाही. गावातील शाळेने वा ग्रामपंचायतीने नोंद करावयाची ठरविल्यास केवळ शब्दांची यादी अपुरी पडेल. शब्द पोर्तुगीज आहेत हे कोशावरूनही कळते; मराठीने या बोलीत काय घडविले ते फक्त पूर्ण वाक्यांत दिसते. वृद्ध स्त्रीपुरुषांच्या गोष्टी, भांडणे, बाजारातील घासाघीस ही जशीच्या तशी ध्वनिमुद्रित झाली, आणि सोबत बोलणाऱ्याचे वय लिहून ठेवले, तर आजी व नात यांच्या वाक्यांतील क्रियापदाची जागा शेजारी ठेवून पाहता येईल.