लिनक्स वितरण : प्राप्ती व देखभाल

लिनक्स हा गाभा आणि त्याच्या जोडीला लागणाऱ्या इतर आज्ञावली एकत्र जुळवून, तपासून व संगणकावर बसविण्यायोग्य करून दिलेल्या परिचालन प्रणालीच्या संचास लिनक्स वितरण म्हणतात. संगणकाचा प्रक्रियक, स्मृती, तबकडी, पडदा व कळफलक यांचे नियंत्रण करणारा मूलभूत आज्ञावलींचा समूह म्हणजे परिचालन प्रणाली [⟶ संगणक]. केवळ गाभ्याच्या साहाय्याने सामान्य माणसाला लेखन, हिशेब किंवा छपाई यांपैकी काहीही करता येत नाही. म्हणून गाभा व हजारो आज्ञावली यांचा मेळ घालण्याचे काम वितरण तयार करणारी संस्था करते.

इतिहास : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाची आज्ञावली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास असावे, हे त्यामागील सूत्र होते. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स हा गाभा लिहिला व १९९२ मध्ये तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. स्लॅकवेअर व डेबियन या वितरणांचा आरंभ १९९३ मध्ये झाला. रेड हॅट १९९४ मध्ये व उबंटू २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील सर्व महासंगणक लिनक्सवर चालणारे आहेत. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा (सी-डॅक) ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक २०२० मध्ये या यादीत आला.

मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द असल्यामुळे या परवान्याचा आशय स्पष्ट करणे सोपे जाते. लिनक्स बहुधा मोफत मिळते. परंतु त्याचे वैशिष्ट्य ते मुक्त आहे हे होय. मूळ आज्ञावली खुली असल्यामुळे ती दुरुस्त करण्याचा अधिकार ती घेणाऱ्यास मिळतो. दुरुस्ती प्रत्यक्षात कोण करणार, हा प्रश्न मात्र परवान्याने सुटत नाही. वितरणाची निवड करताना हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

प्राप्ती : आरंभीच्या काळात वितरणे चुंबकीय चकत्यांवर व पुढे प्रकाशीय तबकड्यांवर मिळत. इंटरनेटची जोडणी मंद व महाग असल्याने भारतात त्यांचा प्रसार मुख्यतः मासिकांबरोबर येणाऱ्या तबकड्यांमुळे झाला. ‘पीसीक्वेस्ट’ आणि २००३ मध्ये सुरू झालेले ‘लिनक्स फॉर यू’ ही मासिके या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. उबंटूच्या तबकड्या २००५ ते २०११ या काळात मागणी केल्यास टपालाने विनामूल्य मिळत असत. सध्या संपूर्ण वितरण एका प्रतिमा-संचिकेच्या स्वरूपात इंटरनेटवरून उतरवून घेतात व ती पेन ड्राइव्हवर लिहून संगणक तिच्यापासून सुरू करतात. अनेक वितरणे संगणकातील तबकडीस स्पर्श न करता अशा रीतीने चालवून पाहता येतात. त्यामुळे ध्वनी, छपाईयंत्र, बिनतारी जोडणी इ. गोष्टी व्यवस्थित चालतात की नाही, याची खात्री आधीच करून घेता येते.

उतरविलेली संचिका मूळ संचिकेशी तंतोतंत जुळते की नाही, हे तपासणे अत्यावश्यक असते. त्यासाठी वितरक प्रत्येक संचिकेबरोबर तिच्यावरून गणिती रीतीने काढलेली एक लांब संख्या देतात. संचिकेतील एक अक्षर जरी बदलले, तरी ही संख्या पूर्णपणे बदलते. मात्र संचिका व संख्या या दोन्ही एकाच ठिकाणाहून घेतल्यास घुसखोर दोन्ही बदलू शकतो. म्हणून वितरकाची सांकेतिक स्वाक्षरीही पडताळून पाहावी लागते. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या वितरणाच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि काही काळ अनेकांना गुप्त मार्ग ठेवलेली बनावट प्रतिमा-संचिका मिळाली. विनामूल्य वस्तूचीही पारख करून घ्यावी लागते, हे या घटनेवरून दिसून आले.

देखभाल : यंत्र मिळविणे व ते वर्षानुवर्षे चालू ठेवणे ही दोन निराळी कामे आहेत. नासिक जिल्ह्यातील ओझर हे याचे चांगले उदाहरण आहे. तेथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये सोव्हिएट परवान्याखाली मिग-२१ विमाने बांधण्यासाठी स्थापन झाला. पुढे मिग-२७ व सुखोई-३० एमकेआय ही विमानेही तेथे बांधण्यात आली. परंतु बांधणीइतकेच मोठे काम विमाने ठराविक काळाने उकलून, तपासून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळविण्याचे आहे. १९६३ मध्ये भारतीय वायुदलात आलेले मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. इतकी दीर्घ सेवा अशा देखभालीवाचून शक्य नव्हती. परवान्याखालील बांधणीत आराखड्यात बदल करण्यास सामान्यतः मूळ उत्पादकाची संमती लागते. लिनक्सच्या परवान्यात ही संमती आधीच दिलेली असते. कारखाना, कुशल कारागीर व सुटे भाग यांची तरतूद मात्र दोन्हीकडे करावी लागते.

आज्ञावली झिजत नाही. पण तिच्यातील सुरक्षिततेचे दोष कालांतराने उघडकीस येतात व नवी यंत्रसामग्री तिला अपरिचित असते. म्हणून प्रत्येक वितरणाच्या आवृत्तीस देखभालीची मुदत असते. उबंटूची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिला पाच वर्षे विनामूल्य सुधारणा मिळतात. मधल्या आवृत्तींची मुदत केवळ नऊ महिने असते. डेबियनच्या आवृत्तीस सुमारे तीन वर्षे व त्यानंतर स्वयंसेवी गट आणि काही संस्था यांच्या साहाय्याने आणखी दोन वर्षे सुधारणा मिळतात. रेड हॅट कंपनीच्या व्यावसायिक वितरणाची मुदत साधारणपणे दहा वर्षे असून तिच्यासाठी वार्षिक वर्गणी आकारतात. ही किंमत आज्ञावलीची नसून दुरुस्ती व सल्ला यांच्या हमीची असते.

विनामूल्य देखभालीचे आश्वासन मागेही घेतले जाऊ शकते. रेड हॅटच्या मूळ आज्ञावलीवरून तयार होणारे सेंटॉस हे वितरण अनेक विद्यापीठे व कार्यालये वापरीत असत. त्याच्या आठव्या आवृत्तीची देखभाल २०२९ पर्यंत अपेक्षित होती. परंतु डिसेंबर २०२० मधील घोषणेनुसार ती ३१ डिसेंबर २०२१ रोजीच थांबली. मूळ आज्ञावली खुली असल्यामुळे अल्पावधीतच रॉकी व अल्मा ही दोन पर्यायी वितरणे उभी राहिली. बंदिस्त प्रणालीच्या बाबतीत असा मार्ग उपलब्ध नसतो.

खुलेपणामुळे दोष आपोआप नाहीसे होतात, असे नाही. ‘एक्सझेड’ या संक्षेपक आज्ञावलीची देखभाल मुख्यतः एकच स्वयंसेवक करीत असे. त्याचा विश्वास संपादन करून एका अज्ञात व्यक्तीने तिच्यात गुप्त मार्ग घातला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास एका प्रक्रियेस नेहमीपेक्षा किंचित अधिक वेळ लागत असल्याचे आढळले व त्यावरून हा प्रकार उघडकीस आला. आज्ञावली सर्वांस तपासता येत होती, म्हणूनच एकट्या अभियंत्याला तिचा मागोवा घेता आला.

भारतातील व मराठीतील सोय : सी-डॅकने चेन्नई येथे डेबियनवर आधारलेले ‘बॉस’ हे भारतीय वितरण तयार केले व २००७ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय असते. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्त आज्ञावलींच्या वापराचे धोरण जाहीर केले.

मराठीच्या वापरासाठी टंक, जोडाक्षरांची रचना, कळफलक आणि भाषांतरित सूचना अशी चार अंगे लागतात. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ हे टंक मुक्त परवान्याखाली खुले केले. ‘दऱ्या’ व ‘दर्या’ या शब्दांतील भेद दाखविणारा अर्धा ‘ऱ’ योग्य रीतीने उमटावा लागतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड संकेतात २००८ मध्ये समाविष्ट झाले आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयातही त्याला स्थान मिळाले. साहजिकच त्यापूर्वीच्या आणि सुधारणा न झालेल्या वितरणात या अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसते. भाषेच्या दृष्टीनेही देखभाल आवश्यक असते, ती अशी.

शिकणाऱ्यांसाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात लिनक्सवरील छोटे पाठ मराठीतूनही तयार केले आहेत. पुणे व मुंबई येथील वापरकर्ता गटांनी नवागतांना स्थापनेत साहाय्य केले आहे. ग्रामीण शाळा किंवा सहकारी संस्था यांनी वितरण निवडताना चार गोष्टी पाहाव्यात : देखभालीची मुदत, सुधारणा स्थानिक जाळ्यावर साठवून सर्व संगणकांना देण्याची सोय, मराठी टंक व कळफलक यांची पूर्णता आणि अडचणीच्या वेळी प्रत्यक्ष येऊ शकणारा जाणकार. शेवटची गोष्ट कोणत्याही संचिकेबरोबर मिळत नाही. ती गावातच घडवावी लागते. त्यासाठी शाळेतील एक शिक्षक व दोन-तीन विद्यार्थी यांना स्थापना, सुधारणा आणि माहितीची राखीव प्रत घेणे या तीन क्रिया शिकविल्यास आरंभ करता येतो.